सुपरहिरोचा दुसरा भाग घरी आला, आता त्याचं चित्र अन् आवाज पारखायचा कसा

सुपरहिरो पिच्चरचा दुसरा भाग घरी पाहायला भेटला की आपल्याकडे त्याची परीक्षा एकाच गोष्टीवर होते, गाड्या उडल्या तेव्हा टीव्ही किती चमकला अन् आवाजानं वरची टिनं हालली का नाही. टिनं हालली म्हणजे क्वालिटी एक नंबर. मला हे पटत नाही. धमाका खराब प्रिंटमध्येही धमाकाच दिसतो, तिथं बारकावे पाहायला डोळ्याला टाइमच भेटत नाही. खरी परीक्षा अंधाराच्या सीनमध्ये अन् हळू आवाजातल्या बोलण्यात होते, आणि ती कोणालाही घेता येते, इंजिनियर असायची गरज नाही, फक्त काय पाहायचं अन् काय ऐकायचं हे माहीत पाहिजे.

उदाहरणाला मी 'द डार्क नाइट' घेतो. २००८ चा पिच्चर, २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'चा पुढचा भाग. हाच काहून, तर हा घरी पाहण्यासाठी डीव्हीडीवर आला, ब्लू-रेवर (डीव्हीडीपेक्षा साफ चित्राची डिस्क) आला, मग डिसेंबर २०१७ मध्ये ४के डिस्कवर आला, अन् तिन्हीतला फरक नुसत्या डोळ्यानं समजतो. एकदा यावर नजर बसली की मग कोणत्याही सुपरहिरोचा कोणताही भाग पारखता येतो.

पण डिस्कच्या आधी टीव्ही. यंदा कापूस विकून आमच्या गावातल्या एका पोट्ट्यानं ५५ इंची टीव्ही घेतला, अन् दोन दिवसांनी मला म्हणे, "दादा, पिच्चर लय काळा काळा दिसून राहिला, डिस्कच खराब असन." मी गेलो तर दुपारचे दोन वाजलेले, समोरचं दार सताड उघडं, अंगणातलं सगळं ऊन स्क्रीनवर, अन् टीव्ही शोरूमवाल्यानं लावून दिला त्याच 'व्हिव्हिड' मोडवर. दार लावलं, खिडकीला चादर लटकवली, मोड 'सिनेमा' केला. तोच सीन परत लावला तर मघाशी जिथं नुसता काळा डाग होता तिथं बॅटमॅनच्या छातीवरच्या चिलखताचे तुकडे वेगवेगळे दिसायला लागले, मधल्या फटी दिसायला लागल्या, अन् काळ्या सूटमागची भिंत सूटपेक्षा थोडी उजळ आहे हेही दिसलं. डिस्कमध्ये हे सगळं आधीपासूनच होतं.

शोरूममध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात दहा टीव्ही बाजूबाजूला लावलेले असतात, म्हणून तिथं सगळ्यात भडक अन् निळसर मोड लावतात. घरी त्याचा उपयोग नाही. 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा, काही टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असतो तो असला तर त्याहून चांगला. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटते, दोन दिवसांत डोळ्याला सवय होते. शार्पनेस कमी करा, काहून का ते वाढवलं की बारकावे वाढत नाहीत, नुसती प्रत्येक वस्तूच्या काठाला पांढरी रेघ चढते. आणि ते मोशनवाले सेटिंग, कंपनीगणिक नाव वेगळं असते, ते बंद करा. पिच्चर सेकंदाला २४ फोटोंनी शूट होतो, टीव्ही मधात स्वतःचे बनावट फोटो घालून तो गुळगुळीत करतो, मग कोट्यवधींचा पिच्चर दुपारच्या सीरियलसारखा दिसते अन् आपण म्हणतो की डिस्क बेकार. एवढं केल्याशिवाय कोणत्याही रिलीजला, म्हणजे घरी पाहायला काढलेल्या डिस्कला किंवा स्ट्रीमिंगला, चांगलं-वाईट म्हणायचा हक्क नाही असं मी मानतो.

आता ४के म्हणजे काय ते पाहू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक याच शब्दावर होऊन राहिली. डीव्हीडीचं चित्र आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण चार लाख पंधरा हजार ठिपके. ब्लू-रे १९२० बाय १०८०, जवळपास पावणेएकवीस लाख. ४के ३८४० बाय २१६०, जवळपास त्र्याऐंशी लाख. पण नुसते ठिपके मोजून काही होत नाही, त्या ठिपक्यांत भरायला माहिती किती आली ते पाहावं लागते. त्याला म्हणतात बिटरेट, म्हणजे एका सेकंदाला किती डेटा येऊन राहिला. डीव्हीडीत चित्राला जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट), ब्लू-रेत ४०, आणि ४के डिस्कमध्ये चित्र अन् आवाज मिळून सव्वाशेच्या आसपास पोहोचता येते.

हा हिशोब घरी करता येतो. 'द डार्क नाइट' १५२ मिनिटांचा आहे, म्हणजे ९१२० सेकंद. कोणी पेनड्राइव्हमध्ये ४ जीबीची फाइल देऊन सांगत असन की भाऊ हे ४के आहे, तर ४ जीबी म्हणजे साधारण ३२ हजार मेगाबिट, भागिले ९१२०, उत्तर आलं साडेतीन. साडेतीन एमबीपीएसमध्ये त्र्याऐंशी लाख ठिपके भरायचे म्हणजे त्या फाइलवर नाव ४केचं अन् आत माल एका चांगल्या डीव्हीडीपेक्षाही कमी. नवी कम्प्रेशन पद्धत, म्हणजे डेटा दाबून लहान करायची, थोड्या जागेत जास्त बसवते हे खरं आहे, पण जादू करत नाही. धूर, पाऊस, उडणारा कचरा असा सीन आला की चौकोन चौकोन दिसायला लागतात, ते याचमुळे. (अन् ती फाइल चोरीची असते ते वेगळंच. त्यावरून रिलीजची क्वालिटी ठरवू नका, बनवणाऱ्यानं तसं काही बनवलंच नाही.)

स्ट्रीमिंगचंही तसंच. नेटफ्लिक्सच सांगते की ४केला १५ एमबीपीएस किंवा त्याहून जास्त स्पीड पाहिजे. तेवढ्या वेगानं हा पिच्चर पूर्ण पाहिला तर १७ जीबी जातात, अन् आपल्या मोबाइलमध्ये रोजचे दीड-दोन जीबी. गावात सांजच्याला सगळे पोट्टे एकाच टॉवरवर बसलेले, मग नेट हळू झालं की ॲप न विचारता चित्राचा दर्जा खाली घेते अन् कोपऱ्यात ४के लिहिलेलं तसंच राहते. म्हणून स्ट्रीमिंगवर पाहून "ही रिलीज धूसर आहे" असं बोलायच्या आधी तोच सीन सकाळी नेट मोकळं असताना परत पाहा.

चित्रात काय पाहायचं? चेहरा पाहा, सगळ्यात आधी. या पिच्चरमध्ये पोलीस स्टेशनच्या खोलीत खलनायक जोकर अंधारात बसलेला असतो, टेबलावर एक दिवा, अन् मग अचानक सगळे लाइट लागतात तर बॅटमॅन त्याच्या मागंच उभा. पिच्चर इथं थांबवा. जोकरच्या तोंडाला फासलेला पांढरा रंग जागोजागी तडकलेला आहे, कपाळाच्या आठ्यांत रंग उतरून खालची कातडी दिसते, डोळ्याभोवतीचा काळा घामानं ओघळलेला. हे सगळं वेगवेगळं दिसलं पाहिजे. तडे पुसट होऊन तोंड मेणाच्या बाहुल्यासारखं सपाट दिसलं तर समजा की डिस्क बनवताना चित्रावरचे दाणे पुसून काढले.

हे दाणे म्हणजे ग्रेन. हा पिच्चर डिजिटल कॅमेऱ्यावर नाही, फिल्मवर शूट झालेला आहे, अन् फिल्मवर बारीक दाणे असतातच, चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असते. बऱ्याच लोकांना ते मुंग्या फिरल्यासारखे वाटतात अन् खराबी वाटते. मग कंपन्या कधीकधी सॉफ्टवेअरनं ते घासून काढतात अन् त्यासोबत कातडीची छिद्रं, कापडाचा पोत, भिंतीचा खरखरीतपणा सगळं जाते. पॉलिश मारलेल्या तुरीच्या डाळीचं जे होते तेच, दुकानात चमकते लय पण वरण केलं की चव नाही. ग्रेन सगळ्या चित्रावर सारखा, बारीक अन् जिवंत दिसत असला तर ते चांगल्या रिलीजचं लक्षण आहे. तो गठ्ठ्या-गठ्ठ्यानं अडकल्यासारखा दिसला तर तो ग्रेन नाही, बिटरेटची कमी आहे. अन् जे पिच्चर डिजिटल कॅमेऱ्यावर शूट होतात, आजचे बहुतेक सुपरहिरो तसेच आहेत, त्यांच्यात दाणे नसले म्हणून ओरडायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट काठ. २००८ च्या ब्लू-रेवर तेव्हाच टीका झाली होती की त्यातल्या साध्या ३५ एमएम फिल्मवाल्या सीनमध्ये वरून शार्पनेस चढवलेला आहे, उजेडापुढं माणूस किंवा इमारत आली की काठाला एक फिकट रेघ दिसते. मजा म्हणजे त्याच डिस्कमधले आयमॅक्सवाले, म्हणजे कितीतरी मोठ्या फिल्मवर शूट झालेले, सीन कितीतरी स्वच्छ दिसतात, अन् एकाच डिस्कमध्ये दोन्ही असल्यामुळं तुलना आपोआप होते. २०१७ च्या ४केसाठी फिल्म नव्यानं स्कॅन केली, त्यात ही रेघ नाही, चित्र जरा मऊ वाटते पण ते खरं मऊ आहे. मला विचाराल तर घरी जुनी ब्लू-रे असताना ४के घ्यायचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे, ठिपके वाढले हे नाही.

तिसरी गोष्ट काळ्या पट्ट्या. मला फोन येतात, पिच्चर मधातच मोठा होते अन् परत लहान होते, टीव्ही बिघडला का? नाही बिघडला. या पिच्चरचे काही सीन, सुरुवातीची बँक लुटायची, हाँगकाँगची रात्र, तो मोठा ट्रक भर रस्त्यात उलटा होतो तो, असा साधारण अर्ध्या तासाचा भाग आयमॅक्सच्या मोठ्या फिल्मवर शूट झाला, बाकीचा साध्या फिल्मवर. साध्या भागाचं चित्र २.४० ला १ या मापाचं आडवं असते, ते टीव्हीवर लावलं की उंचीतला चौथा हिस्सा वर-खालच्या पट्ट्यांत जाते. आयमॅक्सचा भाग आला की पट्ट्या गायब अन् स्क्रीन भरते. ब्लू-रे अन् ४के दोन्हीत हे आहे, डीव्हीडीत पूर्ण पिच्चर पट्ट्यांसकट आहे. हे दिग्दर्शकानं ठरवून केलेलं. रिमोटवर झूम दाबून पट्ट्या घालवायचा मोह आवरा, झूम केलं की डावी-उजवीकडचं चित्र कापले जाते अन् मग आपण जे पाहतो ते कोणीच बनवलेलं नसते. सगळ्या पिच्चरला मात्र हा फायदा भेटत नाही. 'अव्हेंजर्स'चे 'इन्फिनिटी वॉर' अन् 'एंडगेम' पूर्णच्या पूर्ण आयमॅक्सच्या डिजिटल कॅमेऱ्यावर शूट झाले, तरी त्यांच्या डिस्कवर चित्र शेवटपर्यंत आडव्या पट्टीतच आहे.

आता एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार अन् रंग जास्त बारकाईनं दाखवायची पद्धत. साधं चित्र प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्यांत बसवतात, एचडीआरमध्ये १०२४. पायऱ्या कमी असल्या की संध्याकाळच्या आभाळात किंवा धुक्यात पट्टे पट्टे पडलेले दिसतात, रंग हळूहळू उतरत नाही. शिवाय साधं चित्र १०० निट्स उजेड धरून बनवतात, एचडीआर १००० किंवा ४००० पर्यंत धरून. निट्स म्हणजे उजेडाचं माप एवढं ध्यानात ठेवा. अन् इथं आपल्या खिशाचा प्रश्न येतो, काहून का स्वस्तातला '४के एचडीआर' टीव्ही खरा उजेड अडीच-तीनशे निट्सचाच देतो. मग १००० चं चित्र तो तीनशेत दाबतो अन् सगळंच अंधुक दिसते. अशा टीव्हीवर कधीकधी साधी ब्लू-रेच जास्त चांगली दिसते, हे मी तुलना करून पाहूनच सांगून राहिलो, म्हणून पैसे कमी असतील तर ब्लू-रे घ्यायला लाजू नका. आणि एचडीआर म्हणजे सगळं उजळ होणं नाही. पोलीस स्टेशनच्या त्या सीनमध्ये दिवा दिव्यासारखा टोचला पाहिजे अन् कोपरा काळाच राहिला पाहिजे, दोन्ही एकाच वेळी.

दुसऱ्या भागाची अजून एक खास भानगड असते. लोक पहिल्या भागाचा रंग डोक्यात धरून बसतात. 'बॅटमॅन बिगिन्स'चं शहर तांबूस, गंजलेलं, धुरकट. 'द डार्क नाइट'चं शहर थंड, निळसर, काचेच्या इमारतींचं. दोन्हीचा कॅमेरामन एकच, वॉली फिस्टर, अन् हा बदल जाणूनबुजून केलेला. तर पहिल्या भागाशी रंग जुळत नाही म्हणून दुसऱ्याच्या डिस्कचे मार्क कापायचे नाहीत. मार्क कापायचे ते एकाच पिच्चरच्या दोन रिलीजमध्ये रंग काहीच्या काही बदलला असन तर.

आता आवाज, अन् इथं मला जास्त बोलायचं आहे, काहून का चित्रापेक्षा आवाजाकडं आपलं दुर्लक्ष जास्त आहे. या पिच्चरला दोन ऑस्कर भेटले, एक जोकर झालेल्या हीथ लेजरला अन् दुसरा साउंड एडिटिंगला. म्हणजे आवाज हा यातला अर्धा माल आहे अन् आपण तो टीव्हीच्या पाठीमागं भिंतीकडं तोंड केलेल्या दोन लहान स्पीकरमधून ऐकून राहिलो.

५.१ म्हणजे समोर तीन, बाजूला-मागं दोन अन् खालच्या घुमणाऱ्या आवाजाचा एक वेगळा ट्रॅक, तो .१. बोलणं बहुतेक सगळं समोरच्या मधल्या स्पीकरसाठी असते. टीव्हीला मधला स्पीकरच नाही, म्हणून टीव्ही सगळे ट्रॅक दोन स्पीकरमध्ये कालवतो, अन् कालवताना तो .१ चा ट्रॅक बहुतेक वेळा सोडूनच देतो. मग बोलणं संगीतात बुडते अन् धमाका पोकळ वाजते. दोष रिलीजचा नसते. ट्रक उलटा होतो तिथं ऐकून पाहा, नीट साउंडबार अन् सबवूफर (घुमणाऱ्या आवाजाचा वेगळा स्पीकर) असला तर आदळल्याचा धक्का आधी छातीला लागतो अन् मग पत्र्याचा, काचेचा आवाज वेगळा वेगळा ऐकू येते. टीव्हीवर त्याचा एकच 'धाड' होते.

पण मी आधी म्हटलं तसं, धमाक्यावर निकाल देऊ नका. जोकरच्या संगीतात चेलोचा एक सूर हळूहळू ताणत नेलेला आहे, सुरुवातीला इतका बारीक की आहे का नाही समजत नाही. तो सूर पहिल्यापासून ऐकू आला पाहिजे, फरफर न होता. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर, कूलरशिवाय बसताच येत नाही, अन् कूलर सुरू असला की तो सूर गेलाच, कुजबुजही गेली. मग आपण आवाज वाढवतो, पुढच्या मिनिटाला गोळीबार होतो अन् शेजारचे काकाजी उठून येतात. ही तक्रार घरोघरी आहे, "बोलणं ऐकू येत नाही अन् मारामारी कानठळ्या बसवते". त्यात रिलीजचा दोष कमी, खोलीचा जास्त. थिएटर शांत असते म्हणून हळू अन् जोरात यातलं अंतर मोठं ठेवलेलं असते. साउंडबारवर 'नाइट मोड' असतो तो हे अंतर कमी करतो, कूलरच्या दिवसांत बिनधास्त लावा, पण परीक्षा घेताना बंद ठेवा.

खोली पण आवाज करते. स्लॅबच्या घरात खाली फरशी अन् भिंती उघड्या असल्या की टाळी वाजवली तरी घुमते, बोलणं पसरते. टिनाच्या घरात सबवूफरनं टिनं थरथरतात, तो थरथराट पिच्चरमधला नाही. कापूस वेचल्यावर ज्या खोलीत तो भरून ठेवतो तिथं जाऊन एकदा टाळी वाजवून पाहा, आवाज जागच्या जागी मरतो, तेव्हा समजते की मऊ वस्तू किती आवाज पिते. टीव्हीच्या खोलीत खाली सतरंजी अन् मागच्या भिंतीवर जाड वाकळ टांगली तरी फरक पडते, पैसा लागत नाही.

हिंदीत पाहत असाल तर एक जपून. बऱ्याच डिस्कवर इंग्रजीचा ट्रॅक पूर्ण, काहीही न कापलेला असते अन् हिंदीचा डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबून लहान केलेला. शिवाय डबिंगचं बोलणं स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं, ते सीनमधल्या खोलीत बसल्यासारखं वाटत नाही. पिच्चर हिंदीत पाहा, त्यात काही कमीपणा नाही, पण आवाजाचे मार्क द्यायच्या आधी तोच सीन दोन मिनिटं इंग्रजीत लावून ऐका. अन् पाल डीव्हीडीत २४ चे २५ फोटो करून पिच्चर पळवलेला असते, १५२ मिनिटांचा १४६ मध्ये संपते, त्यामुळं सगळ्यांचेच आवाज किंचित बारीक वाटतात, ते डिस्क खराब म्हणून नाही.

डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत, नाही म्हणून 'द डार्क नाइट'च्या ४के डिस्कला नावं ठेवणारेही आहेत. त्यात ५.१ च आहे, काहीही न कापलेला, काहून का पिच्चरचा आवाज मुळातच ५.१ मध्ये बनलेला. डब्यावर नाव किती आहेत ते मोजून आवाज ठरत नाही. ज्याच्याकडं छतात स्पीकरच नाही त्यानं ॲटमॉससाठी रडूच नये.

जोडणी मात्र नीट करा. साउंडबार ब्लूटूथनं जोडला की ५.१ चं दोन होते अन् ओठ आधी हालतात, आवाज मागून येते. एचडीएमआयच्या 'एआरसी' लिहिलेल्या जागी वायर लावा, तिथून टीव्हीचा आवाज साउंडबारकडं जातो. साध्या एआरसीमधून असा काहीही न कापलेला ५.१ आवाज पूर्ण जात नाही, त्याला 'ईएआरसी' लागते, नाहीतर प्लेअरची वायर सरळ साउंडबारमध्ये घाला अन् तिथून टीव्हीला.

एवढं करूनही काही खटकलं तर ते मिनिट अन् सेकंद लिहून ठेवा अन् तीच डिस्क दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या प्लेअरवर, दुसऱ्या टीव्हीवर लावा. तोच पट्टा, तीच रेघ, तीच खरखर त्याच सेकंदाला आली तर दोष रिलीजचा, मग बेधडक लिहा की रिलीज खराब आहे. तुमच्याच घरी आली अन् तिथं नाही आली तर परत सेटिंगमध्ये जा. आणि पिच्चर त्याच जागी नुसता अटकत असन, चित्र गोठत असन, तर ती तुमची एक डिस्क खराब निघाली, बाकीच्यांची चांगली असू शकते, बदलून मागा.